वाय-फाय गल्लीपर्यंत येऊ द्या
जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात रेलटेल आणि गूगलने मोफत वाय-फाय सुरू केले, तेव्हा अनेकांना ती गाडी येईपर्यंत वेळ घालवायची सोय वाटली. दोन वर्षांनी एर्नाकुलम स्थानकातल्या एका हमालाने हा समज खोटा ठरवला. डोक्यावर प्रवाशांचे सामान, कानात इअरफोन आणि त्यात स्थानकाच्या वाय-फायवर मिळवलेले धडे. अशा अभ्यासावर तो केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला. शहरात इंटरनेटची खरी निकड अशांनाच असते: दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीला, एका दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवणाऱ्या बिगाऱ्याला. रिचार्ज संपले की त्यांचा अर्ज अडतो, हॉल तिकीट अडते. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहावाला किंवा किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय पुरवू शकतो. महापालिकांनी ही योजना मनावर घ्यावी आणि वस्तीतल्या अभ्यासिका, दवाखाने, बस डेपोंपासून सुरुवात करावी. स्वस्त इंटरनेट हा गरीब शहरवासीयाचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.