जुनी फिल्म काढण्याची मजुरी मागायला लाजू नका

मोटारीच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवण्याचे काम एके काळी फक्त मोठ्या शोरूममध्ये होत असे. आता ते गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोहोचले आहे. आपले अनेक डेंटर, पेंटर आणि अॅक्सेसरीजवाले बंधू या कामात उतरले आणि चार पैसे मिळवू लागले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या वेळी चढवलेल्या फिल्म आता पिवळ्या पडू लागल्या आहेत, त्यांना तडे जाऊ लागले आहेत. त्या काढून देण्याचे काम याच बंधूंच्या दारी येत आहे. या कामात कमाई थोडी आणि भांडणे फार, असा अनुभव आमच्या कानी येतो. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत. काचेवरच्या काळ्या फिल्मचा प्रश्न वेगळा आहे. येथे आम्ही रंगावरच्या फिल्मविषयीच बोलत आहोत.

आमच्या परिचयाच्या एका कारागिराची हकीकत प्रथम सांगतो. एक गिऱ्हाईक जुनी विकत घेतलेली गाडी घेऊन त्यांच्याकडे आले. पुढच्या भागावरची फिल्म खराब झाली होती, ती काढून नवी चढवायची होती. काम हातचे जाऊ नये म्हणून आमचे स्नेही म्हणाले, "जुनी काढून देतो, तिचे काही देऊ नका." फिल्म उन्हाने इतकी करपली होती की नखाएवढे तुकडे निघत होते. दोन माणसांचे तीन दिवस त्यातच गेले. तिसऱ्या दिवशी डाव्या फेंडरवरची पट्टी ओढताना तिच्याबरोबर तळहाताएवढा रंग उचलला गेला आणि खालचा प्रायमर दिसू लागला. ते फेंडर पूर्वी कधीतरी ठोकले जाऊन बाहेर रंगवलेले होते. गिऱ्हाइकाला ते ठाऊक नव्हते आणि कारागिरानेही पाहिले नव्हते. शेवटी फेंडर पदरचे पैसे घालून रंगवून द्यावे लागले. नव्या फिल्मचा नफा गेला तो गेलाच, शिवाय "यांनी माझी गाडी बिघडवली" हा बोल कायमचा लागला.

यात चूक कोणाची? गिऱ्हाइकाची नाही, आणि रंग उचलला गेला म्हणून कारागिराच्या हाताचीही नाही. चूक कामाला हात घालण्यापूर्वीच झाली होती. फुकट म्हटल्यामुळे तपासणी झाली नाही, आणि तपासणी न झाल्यामुळे धोका कोणी कोणाला सांगितला नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की, जुनी फिल्म काढणे हे नव्या कामाबरोबर बक्षीस म्हणून द्यायचे काम नव्हे. ते स्वतंत्र हुनराचे काम आहे. त्याची तपासणी वेगळी, मजुरी वेगळी आणि बोलणी आधी व्हायला हवीत.

फिल्मखाली काय असते?

ही फिल्म पॉलियुरेथेन नावाच्या लवचीक प्लॅस्टिकची असते. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळूने व खड्यांनी झिजू नयेत म्हणून अमेरिकेने अशी फिल्म वापरली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांवर आणि मग सर्वसाधारण मोटारींवर आली. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते. कंपनीतून आलेल्या गाडीचा प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट मिळून बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतो. लिहिण्याचा एक कागद सुमारे १०० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज यावा. म्हणजे जो रंग वाचवायचा, त्याच्यापेक्षा फिल्म जाड असते. ती ओढताना किती सांभाळावे लागते ते यावरूनच कळते.

कंपनीत रंग सुमारे १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो, म्हणून तो पत्र्याला घट्ट धरून राहतो. गॅरेजमध्ये दुसऱ्यांदा दिलेला रंग हवेवर किंवा फार तर ६० अंशांच्या आसपास वाळवतात. खाली पुट्टी भरलेली असेल, पॉलिश पेपरचे काम घाईत झाले असेल किंवा प्रायमर नीट बसला नसेल, तर हा रंग फिल्मच्या गोंदापुढे हार खातो. प्लॅस्टिकच्या बंपरवर पुन्हा दिलेला रंग तर कधीकधी सालीसारखा निघतो.

गोंदाची गोष्टही अशीच आहे. बॉनेट आणि टप यांच्यावर ऊन सरळ पडते, म्हणून तिथली फिल्म दरवाजांपेक्षा लवकर कडक होते. एकाच गाडीवर दरवाजाची फिल्म अखंड निघेल आणि बॉनेटची तुकड्यातुकड्याने निघेल, गोंद मात्र मागे चिकटून राहील. स्वस्त मिळणारी पीव्हीसीची फिल्म तर ऊन खाऊन पापडासारखी मोडते. म्हणूनच न पाहता फोनवर भाव सांगणे म्हणजे तोटा ओढवून घेणे होय.

आधी मोजा, मग बोला

रंगाची जाडी मोजणारे लहान यंत्र आता साध्या गॅरेजलाही परवडते. एका फेंडरचा रंग भरून देण्यात जो खर्च होतो, त्याच्याशी त्याची किंमत ताडून पाहावी. ते वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फिल्मवरून मोजले तर आकडा फिल्म आणि रंग यांचा मिळून येतो. समजा ३०० आला, तर फिल्मचे १८० वजा जाता १२० उरतात, म्हणजे बहुधा कंपनीचाच रंग. तेच डाव्या फेंडरवर ३०० आणि उजव्यावर ५०० आला, तर उजव्या बाजूला पूर्वी काम झाले आहे असे समजावे. जिथे फिल्म नाही तिथेही मोजून ताडून पाहावे. साधे यंत्र लोखंडी पत्र्यावरच चालते. अॅल्युमिनियमसाठी दोन्ही धातूंवर चालणारे यंत्र घ्यावे लागते, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर दोन्हींचा उपयोग नाही. बंपरच्या बाबतीत धोका आहे असेच धरून चालावे.

हे आकडे गिऱ्हाइकासमोर घ्यावेत आणि पावतीवर लिहावेत. पावतीत तीन गोष्टी असाव्यात. कोणता भाग पूर्वी रंगवलेला दिसतो; फिल्म काढण्याची मजुरी किती, आणि गोंद जास्त निघाल्यास तासामागे किती; कोपऱ्यात थोडी फिल्म काढून पाहताना रंग हलला तर काम थांबवून आधी विचारले जाईल. त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. पाच मिनिटांचे हे लिखाण तीन दिवसांचे भांडण वाचवते.

परंतु पावती म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जुना कच्चा रंग आपसूक उचलला गेला तर तो दोष आधीच्या कामाचा. हीट गन एका जागी धरून रंग फुगवला, लोखंडी ब्लेडने ओरखडा काढला किंवा गोंद पुसायला थिनर वापरून रंग विरघळवला, तर तो दोष आपला. तिथे कागद पुढे करू नये, नुकसान भरून द्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल गिऱ्हाईक दाद मागू शकते. कायदा बाजूला ठेवला, तरी गाडी ही आपल्या हाती सोपवलेली अमानत आहे, हे विसरून चालणार नाही.

काम कोणाच्या हाती द्यावे?

अनेक गॅरेजमध्ये हे काम सर्वांत नव्या पोराच्या गळ्यात पडते. उस्ताद नवी फिल्म चढवतात आणि शागीर्दाच्या हाती ब्लेड देऊन म्हणतात, "तोवर ही काढ." हे अगदी उलटे आहे. नवी फिल्म वाकडी बसली तर पुन्हा बसवता येते, उचललेला रंग पुन्हा बसत नाही. पोराने शिकावे जरूर, पण उस्तादाच्या नजरेखाली.

शिकवण्यासारखे फार नाही, पण जे आहे ते सोडण्यासारखे नाही. गाडी धुऊन सावलीत घ्यावी. गरम हवेने किंवा वाफेने पट्टीएवढाच भाग हाताला चटका जाणवेल इतका तापवावा, आणि हीट गन सतत हलती ठेवावी. मग कडा उचलून फिल्म पत्र्यालगत मागे वळवत सावकाश ओढावी. पत्र्यापासून सरळ वर हिसका दिला की सगळा जोर रंगावर येतो. उरलेल्या गोंदाला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा गोंद काढण्याचे सौम्य द्रावण लावून थोडा वेळ मुरू द्यावे. खरवडायचेच असेल तर प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी. काढलेले तुकडे गॅरेजच्या मागे जाळू नयेत, त्याचा धूर विषारी असतो.

फिल्म निघाल्यावरही एक बोलणे बाकी राहते. फिल्मखालचा रंग ताजा राहतो आणि बाजूचा उन्हाने फिकटतो, त्यामुळे फिल्म जिथे संपत होती तिथे रेघ दिसते. पॉलिशने ती पुष्कळ कमी होते, पण प्रत्येक वेळी पूर्ण जात नाही. पूर्वी कोणी गाडीवरच सुरी चालवून फिल्म कापली असेल तर त्या चिराही आता उघड्या पडतात. हे सर्व गिऱ्हाइकाला आधी सांगितले तर ती माहिती ठरते, नंतर सांगितले तर सबब वाटते.

गिऱ्हाईक पळाले तर?

यावर आमचे काही बंधू म्हणतील की, वेगळी मजुरी सांगितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, कारण तिथे फुकट काढून देतात. ही अडचण खोटी नाही. काही गिऱ्हाइके जातील. पण शेजारचा फुकट काढतो तो वेळ कुठून आणतो? घाईने ओढून, थिनर मारून, किंवा नव्या फिल्मचा दर्जा उतरवून. कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या नाना पेठेच्या बाजारात जन्म काढलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका भागातील पाच-सहा गॅरेजवाले एकत्र बसून जुनी फिल्म काढण्याचे काम फुकट घ्यायचे नाही एवढे जरी ठरवतील, तरी निम्मा प्रश्न मिटेल. दर ज्याने त्याने आपापला लावावा.

जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या बंधूंनाही एक विनंती आहे. ठोकलेला भाग रंगवून वर चकचकीत फिल्म चढवली की ऐब झाकला जातो, हे खरे. पण चार-पाच वर्षांनी ती फिल्म कोणीतरी काढणारच आहे, आणि तो कोणीतरी बहुधा आपलाच एखादा कारागीर भाऊ असेल. झाकलेल्या ऐबाची किंमत त्याच्या खिशातून जाईल. ऐब सांगून माल विकावा ही आपल्या व्यापाराची जुनी शिकवण आहे, आणि ती या धंद्यालाही लागू आहे.

ज्यांच्या हकीकतीने आम्ही सुरुवात केली, त्यांच्या टेबलावर आता जाडी मोजण्याचे यंत्र आणि छापील पावतीबुक आहे. फिल्म काढण्याची मजुरी ते प्रथम सांगतात. दोन-चार गिऱ्हाइके परत गेली, असे ते म्हणतात. मात्र त्यानंतर एकही फेंडर त्यांना पदरच्या पैशाने रंगवावे लागलेले नाही.