पावसाळ्यातला फड आणि गुरुवारची सुट्टी

बुद्धपौर्णिमा झाली की तमाशाचे फड बंद होतात. कनाती गुंडाळल्या जातात, ट्रक मालकाच्या दारात उभे राहतात आणि नाचणाऱ्या बाया, ढोलकीवाले, सोंगाडे आपापल्या गावी मिळेल त्या मजुरीला लागतात, ते दसऱ्यापर्यंत. पावसात तंबू टिकत नाही, म्हणून पाच महिने कमाई नाही. तंबू टिकत नसला तरी पिंपरी-चिंचवड महापालिकेची नाट्यगृहे पावसात शाबूत असतात. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवचे निळू फुले रंगमंदिर आणि प्राधिकरणातले ग. दि. माडगूळकर नाट्यगृह अशी पाच छपरे या एका शहरात आहेत. तमाशाची पंढरी नारायणगाव इथून फार लांब नाही. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी एकदा पार केली की नाशिक रस्ता सरळ तिकडेच जातो. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या या पट्ट्याला आणखी एका महोत्सवाची गरज नाही. त्याने पावसाळ्यात तमाशाचा हंगाम चालवावा, आणि त्या काळात कलावंतांना महिन्याचा पगार मिळावा.

महोत्सव आणि फड यांत फरक आहे. महोत्सव दोन-तीन रात्रींत उरकतो, फलक लागतात, पाहुण्यांचा सत्कार होतो आणि बिदागी घेऊन कलावंत परततो. फड बारा महिने सांभाळावा लागतो. स्वातंत्र्यानंतर आपण महोत्सवांची वाट धरली. 1953 मध्ये संगीत नाटक अकादमी स्थापन झाली, त्याच सुमारास प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत लोकनृत्ये नाचू लागली, आणि ऐंशीच्या दशकात नागपूरसारख्या ठिकाणी विभागीय सांस्कृतिक केंद्रे निघाली. यातून लोककलेला मान मिळाला, हे नाकारता येत नाही. पण तेव्हाच्या राजपथावर लावणी नेणे आणि लावणी नाचणाऱ्या बाईच्या आषाढातल्या चुलीची सोय करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम आपण फारसे अंगावर घेतले नाही. मेक्सिकोत 1952 मध्ये अमालिया एर्नांदेस यांनी लोकनृत्याचा एक छोटा संच सुरू केला. पुढे राजधानीतल्या सर्वांत मानाच्या नाट्यगृहात त्याचे नियमित प्रयोग होऊ लागले. त्या नृत्यात गावाकडचा अस्सलपणा किती उरला यावर तिथेही वाद झडले. तरीही नर्तकांना नाचण्याची कायमची जागा मिळाली, हा त्यातला घेण्यासारखा भाग आहे.

आपल्याकडे असा संच नव्याने उभारायची गरज नाही, तो आहेच. ढोलकी-फडाचा तमाशा म्हणजे शंभराच्या आसपास माणसे, स्वतःचे ट्रक, स्वतःचा रंगमंच, स्वतःचा स्वयंपाक आणि हंगामाचा करार. हंगामाआधी मालक कलावंताला ‘उचल’ देतो, आणि त्यासाठी स्वतः बहुधा सावकाराकडून कर्ज काढतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले येऊन तारीख धरतात आणि सुपारी ठरते. जमाखर्चाचे हे गणित इतके ताणलेले असते की एक हंगाम बुडाला तरी फड कोसळतो. 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन चैत्र कोविडने गिळले, तेव्हा हे सगळ्यांना दिसले. राज्य सरकारची पूर्णवेळ आणि हंगामी फडांसाठी अनुदानाची योजना आहे. ती मदत हवीच, पण अनुदानाने कर्जाचा हप्ता फिटतो, प्रेक्षक मिळत नाही.

खरा घाव मात्र पैशाहून वेगळ्या ठिकाणी बसला आहे. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, असा तमाशाचा क्रम असतो. वग हे त्यातले नाटक. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा, राजाचा दरबार, गावच्या पाटलापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची खिल्ली, सगळे तिथे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केला. वर्षातले काही मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देते, पण प्रत्येक गावच्या जत्रेला ती मिळत नाही. नियम रास्त आहे, आजारी माणसाला आणि परीक्षेच्या पोराला झोप हवीच. पण त्याचा परिणाम असा की नऊला सुरू झालेला कार्यक्रम रंगबाजीतल्या गाण्यांवरच संपतो आणि वगाला वेळच उरत नाही. नव्या पिढीला तमाशा म्हणजे सिनेमाच्या गाण्यांवरचा नाच वाटतो, कारण तिने तेवढाच पाहिला आहे. त्याच नियमांत बंदिस्त सभागृहाला मात्र सवलत आहे. पाच नाट्यगृहांचा मुद्दा इथे खरा कामाला येतो.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असेल तो असा की तमाशा पडद्यामागे कोंडला की मरतो. त्याचा प्रेक्षक तिन्ही बाजूंनी असतो, शिट्टी मारतो, फेटा उडवतो. आक्षेप खोटा नाही. पण याच पट्ट्यातला दाखला त्याच्या आड येतो. तळेगावहून चाकणला जाताना इंदुरी लागते. त्या गावचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’ हा वग घेऊन शहरांतल्या बंदिस्त नाट्यगृहांत गेले आणि पांढरपेशा प्रेक्षकाने त्यांना डोक्यावर घेतले. सोंगाड्याला समोरच्या माणसाशी बोलता आले की त्याला पुरते; खुर्ची गादीची आहे की जमीन मातीची, याने त्याचे अडत नाही. शंभर माणसांचा फड नाट्यगृहात मावणार नाही, हेही खरे. तिथे तीस-चाळीस जणांचा संच पुरेल, आणि बाकीच्यांची पाळी पुढच्या वगाला लावता येईल.

या पगाराचा पैसा कोणी द्यायचा? बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने इथे आहेत. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. त्या कामांच्या यादीत कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचा विकास स्पष्टपणे आहे, शिवाय स्थानिक भागाला प्राधान्य द्या असेही कायदा सांगतो. शाळेच्या भिंती रंगवणे आणि झाडे लावणे यांवर या निधीची गाडी बहुधा अडते, कारण त्याचे फोटो चांगले येतात. कामगार कल्याण निधीही आहे. 2024 पासून दर सहा महिन्यांना कामगाराच्या पगारातून 25 आणि मालकाकडून 75 रुपये त्यात जातात. ज्याच्या पगारातून पैसे कापले जातात, त्याच्या करमणुकीवर त्यातले थोडे खर्च झाले तर बिघडले कुठे?

कामगारांत मराठवाड्याचे, विदर्भाचे, खानदेशाचे आहेत, तसे उत्तर प्रदेश-बिहारचेही. परप्रांतीयांना तमाशा कळणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी नौटंकी आठवावी. नगारा आणि स्त्रीवेशातला पुरुष पाहत वाढलेल्या माणसाला ढोलकी आणि गौळणीतली मावशी परकी वाटायचे कारण नाही. जालना-बीडकडच्या पोराला तर ही आपल्या जत्रेची गोष्ट आहे, आणि त्या जत्रेसाठी त्याला रजा मिळत नाही.

बायकापोरांना घेऊन तमाशाला कसे जायचे, हा आक्षेप मोठा आहे. तो केवळ नीतीचा नाही, जातीचाही आहे. ज्या समाजांनी ही कला सांभाळली त्यांच्याकडे बघण्याची नजर त्यात मिसळलेली असते. स्वातंत्र्य मिळताच मुंबई सरकारने तमाशाला चाप लावला होता, तो याच नजरेने. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार मिळाला, आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव देते. त्याच परंपरेतल्या कलावंतिणीला भाड्याने खोली मात्र मिळत नाही. पुरस्काराने हे सुटणार नाही. शेजारची कुटुंबे तिकीट काढून तिच्या प्रयोगाला नाट्यगृहात बसू लागली, तर थोडे सुटेल. आणि जे अश्लील आहे ते अश्लील म्हणावेच. फक्त तोच निकष रेकॉर्डवरच्या नाचाच्या ‘शो’लाही लावावा, ज्याच्यासाठी गावची कमिटी आज फडाची सुपारी कापते.

वेळेचा प्रश्न उरतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. पिंपरी, भोसरी, चाकणच्या एमआयडीसीतल्या अनेक कारखान्यांत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. नाट्यगृहांवर शनिवार-रविवारी व्यावसायिक नाटकांचा आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांचा ताण असतो, गुरुवारी तितका नसतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे गुरुवार महापालिकेने नाममात्र भाड्यात फडांसाठी राखून ठेवावेत, प्रयोग दुपारी चारला सुरू करावा आणि करारात एकच अट घालावी: वग पूर्ण झाला पाहिजे.