उन्हाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही

गेल्या महिन्यात एक पंचवीस-सव्विशीची मुलगी ओढणीने हनुवटी झाकूनच ओपीडीत आली. सोबत आई. ओढणी बाजूला केली तेव्हा जबड्याच्या कडेने एकसारख्या आकाराचे तपकिरी चौकोन दिसले, टपालाचे शिक्के मारावेत तसे. आठ दिवसांपूर्वी तिने चेहऱ्यावरचे केस काढण्यासाठी लेझर करून घेतले होते, आणि लग्न महिन्यावर आले होते. यंत्र कोणते, तिला ठाऊक नव्हते. चालवले कोणी? "तिथल्या ताईंनी." त्याआधी उन्हात कुठे गेली होतीस का, असे विचारल्यावर कळले की त्याच आठवड्यात मैत्रिणींबरोबर तीन दिवस कोकणात समुद्रावर होती. तिथे हे कोणी विचारले नव्हते. पॅकेजचे पैसे किती हप्त्यांत देणार, हे मात्र विचारले होते.

लेझरचा झोत केस ओळखत नाही, रंग ओळखतो. केसातले मेलॅनिन तो प्रकाश शोषून तापते आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ निकामी होते. नेमका रंगकण हेरून तेवढाच तापवायचा, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले. अडचण अशी की तेच मेलॅनिन आपल्या त्वचेतही असते, गोऱ्या युरोपीय त्वचेपेक्षा पुष्कळ जास्त. उन्हात रापलेल्या त्वचेत आणखी जास्त. मग झोत मुळापर्यंत पोचण्याआधी वरच्या थरातच अडतो आणि चटका तिथे बसतो. म्हणूनच सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित मानतात. त्याचा प्रकाश मेलॅनिन कमी शोषते आणि तो खोलवर जातो. ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट मात्र आपल्या त्वचेवर फार जपून वापरावे लागते.

लेझरनंतर केसांच्या मुळाशी लाली येणे, बारीक पुरळासारखी सूज दिसणे यात घाबरण्यासारखे काही नाही. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ती ओसरते. आग रात्रभर थांबत नसेल, फोड आले, खपली धरली किंवा त्वचा पांढुरकी-राखाडी दिसू लागली, तर ते भाजणे आहे. भाजल्याचे लक्षात येताच वीसेक मिनिटे नळाचे गार पाणी सोडावे. बर्फ नको, तूप नको, फोड फोडणे तर नकोच.

या मुलीच्या आईने टूथपेस्ट लावली होती. पुढे औषधाच्या दुकानातून कोणीतरी सुचवलेले गोरेपणाचे मलम आणले. ट्यूब मी मागवून घेतली. त्यात तीव्र स्टेरॉइड होते. डॉक्टर चार-पाच दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइड देतात ती गोष्ट वेगळी. असली मलमे चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळली की त्वचा पातळ होते, मुरमे येतात आणि केसही वाढतात. म्हणजे जे घालवायला गेलो तेच परत!

तसे केस लेझरनेही क्वचित वाढतात. गाल आणि मान इथे, विशेषतः सावळ्या त्वचेच्या स्त्रियांमध्ये, बारीक लव उलट राठ झाल्याची उदाहरणे आहेत. हनुवटीवर राठ केस येत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर आधी पीसीओएसची तपासणी हवी. आतले संप्रेरकांचे गणित तसेच राहिले तर सहा सिटिंगनंतरही केस उगवत राहतात. 'कायमची मुक्ती' हे शब्द जाहिरातीतले. अमेरिकेचे औषध प्रशासनसुद्धा 'केसांमध्ये कायमस्वरूपी घट' एवढेच म्हणू देते.

आणखी एक धोका फारसा कोणाला माहीत नसतो. दुखू नये म्हणून लावायचे बधिरतेचे मलम निरुपद्रवी वाटते. २००७ मध्ये याच अमेरिकी प्रशासनाने इशारा दिला, तो २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींच्या मृत्यूनंतर. लेझरच्या तयारीसाठी दोघींनी पायांवर असे मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळले होते. औषध रक्तात भिनले, झटके आले, त्या कोमात गेल्या.

चेहऱ्यावरच्या केसांपायी मुलींना काय काय ऐकावे लागते ते तीस वर्षे ऐकतो आहे. त्यामुळे 'कशाला हवेत हे नखरे' असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार यंत्र चालवणाऱ्यांविषयी आहे. मानवी त्वचा भाजू शकणारे साधन भुवया कोरण्याच्या दोऱ्यासारखे वापरले जाते. प्रत्येक सिटिंगआधी डॉक्टरने त्वचा पाहावी, पहिल्यांदा कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी घ्यावी, कोणते यंत्र किती ऊर्जेवर चालवले ते कागदावर लिहून रुग्णाच्या हाती द्यावे. या मुलीकडे कागद होता तो फक्त पावतीचा.

तिचे डाग फिकट होतील, पण त्याला काही महिने लागतील, लग्नापर्यंत नाही. हे सांगितल्यावर ती गप्प झाली. सनस्क्रीन आणि औषध मी लिहून देत असताना आईने विचारले, "मग हळदीचं काय करायचं?"

लावा म्हटले, चेहरा सोडून.