जुन्या पीसीत ग्राफिक्स कार्ड टाकताय? आधी कॅबिनेट उघडा, मग पाकीट



मागच्या महिन्यात एका तरुणाचा फोन आला. तालुक्याच्या गावी छोटा फोटो स्टुडिओ आहे त्याचा. लग्नसराईत शूटिंगही करतो आणि एडिटिंगही. म्हणाला, "सर, आरटीएक्स ३०५० घेतोय. दुकानदार १७ हजार सांगतोय. माझ्या जुन्या पीसीला चालेल ना?"

मी विचारलं, "मदरबोर्ड कोणता आहे?"

"आय-फाइव्ह आहे सर."

हसू नका, बहुतेक जण हेच उत्तर देतात. आय-फाइव्ह हे प्रोसेसरच्या मालिकेचं नाव आहे आणि ती मालिका २००९ पासून चालू आहे. "माझ्याकडे आय-फाइव्ह आहे" म्हणजे "माझ्याकडे स्प्लेंडर आहे" म्हटल्यासारखं झालं. कोणत्या सालची, कोणतं मॉडेल, हे कळल्याशिवाय मेकॅनिक पार्ट काढून देईल का?

मग मी विचारलं, "पैसे कुठले घालतोयस?" तर म्हणाला, "दोन लग्नांचा ॲडव्हान्स आलाय, त्यातनं."

इथे मात्र मी खुर्चीत सरळ बसलो. ॲडव्हान्स म्हणजे कमाई नव्हे. त्यात अल्बम छापणाऱ्याचे पैसे असतात, ड्रोनवाल्याचे असतात, सोबत येणाऱ्या पोराची हजेरी असते. ते कार्डात घातले आणि कार्ड चाललंच नाही, तर लग्नाच्या आदल्या दिवशी कुणाकडे हात पसरणार?

माझं मत सरळ सांगतो. "कार्ड चालेल का?" हा प्रश्न दुकानदाराला विचारून उपयोग नाही. तो "चालेल" म्हणणार, आणि खोटंही बोलत नसतो. स्लॉट तोच आहे, कार्ड बसतं. पण बसणं वेगळं, चालणं वेगळं आणि त्यातून तुमचं काम लवकर होणं आणखी वेगळं. हे तुम्हालाच तपासावं लागेल, आणि त्याला अर्धा तास लागतो.

मी हे शहाणपणाने सांगत नाहीये, मार खाऊन सांगतोय. चॅनेल सुरू केलं तेव्हा मी ऑफिसमधून निघालेला एक जुना पीसी घेतला होता. त्याला कार्ड आणलं, तर कार्डाला वेगळी सहा पिनची पॉवर वायर लागत होती आणि आतल्या एसएमपीएसला ती नव्हतीच. कुणीतरी कन्व्हर्टर लावून दिला. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की मशीन मधेच बंद. मग २,२०० रुपयांचा नवा एसएमपीएस आणला. तो उघडून बघतो तर त्याचा मोठा प्लग २४ पिनांचा आणि माझ्या बोर्डवर जागा ८ पिनांची. त्या कंपनीने स्वतःचाच प्लग ठेवला होता. कार्ड, कन्व्हर्टर, एसएमपीएस, तिन्ही वस्तू वर्षभर कपाटात पडून होत्या. ते पैसे माइक घ्यायला ठेवले होते.

म्हणून सुरुवात एसएमपीएसपासून करा, सगळे स्लॉटपासून करतात तरीही. वायर काढा, कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असेल, त्यावर जाऊ नका. खाली तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः तिथूनच खातात. समजा तिथे १६ अँपिअर आहे. १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट. झाला तुमचा ४५० चा हिशोब! कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसमध्ये असे आकडे सापडतात.

आता खर्चाची बाजू. त्या तरुणाचा प्रोसेसर नंतर कळला, आय-फाइव्ह ४५९०, म्हणजे ८४ वॅटचा. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीवाला प्रकार ७० वॅटचा. झाले १५४. त्यावर बोर्ड, पंखे, हार्डडिस्क. १९२ मध्ये हे काठावर बसतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात काठावर चालवायचं नसतं.

आणि इथेच एक फसगत आहे. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. २०२२ साली आलेलं ८ जीबीचं, ते १३० वॅट घेतं आणि त्याला वेगळी पॉवर वायर लागते. २०२४ साली आलेलं ६ जीबीचं ७० वॅटमध्ये भागवतं. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो, म्हणून ६ जीबीवाल्याला सहसा वेगळी वायर लागत नाही. दुकानात "३०५० द्या" एवढंच म्हणालात तर कोणतं हातात पडेल? बिलावर जीबी लिहून घ्या.

स्लॉटचं पटकन सांगतो. फार जुना, २००४-०५ च्या आधीचा बोर्ड असेल तर त्यावर एजीपी स्लॉट असू शकतो. तो विषय तिथेच सोडा. त्यानंतरच्या बोर्डांवर लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असतो, आणि नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालावं अशीच त्याची रचना आहे. फक्त वेग दोघांत जो कमी असेल त्याचा मिळतो. बोर्डवर असे दोन लांब स्लॉट असतील तर प्रोसेसरजवळचा वापरा. खालचा दिसायला लांब असला तरी आतून बऱ्याचदा चारच लेनचा असतो.

लेन म्हणजे रस्त्याच्या पट्ट्या समजा. स्लॉटला १६ पट्ट्या असतात, पण स्वस्त कार्डं सगळ्या वापरत नाहीत. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं आठच वापरतं. २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चार पट्ट्यांतून सेकंदाला जवळजवळ ८ जीबी जातात, तिसऱ्या पिढीत ४ आणि दुसऱ्या पिढीत २. म्हणजे बोर्ड जितका जुना, तितकी हीच स्वस्त कार्डं जास्त मार खातात. आणि जुन्या बोर्डवाला माणूस स्वस्त कार्डच शोधत असतो! आणखी एक. त्या ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ एन्कोडरच नाही. एन्कोडर म्हणजे एक्स्पोर्ट करताना फाइल बनवणारा भाग. गेम खेळणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही, पण एडिटिंग करणाऱ्याने ते कार्ड कशाला घ्यायचं?

त्या तरुणाला मी सीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं. त्यात मेनबोर्डच्या पानावर बोर्डचं नाव मिळतं. त्याचा निघाला एच८१ चिपसेटचा. आता गंमत बघा. त्याचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा वेग देऊ शकतो, पण एच८१ बोर्ड स्वस्तात बनवायचा म्हणून स्लॉट दुसऱ्या पिढीवरच ठेवलेला. ३०५० त्यात आठ पट्ट्यांवर चाललं असतं, ४ जीबीच्या वेगाने. कार्डाची स्वतःची ताकद त्याच्या चौपट. याचा अर्थ काम चौपट हळू होईल असा नाही बरं का. काम कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावतं तोवर फरक थोडाच जाणवतो. पण पूर्ण पैसे मोजून अर्धंमुर्धं घ्यायचं का, हा धंद्याचा प्रश्न आहे.

बायोसकडेही एक नजर टाका. स्टार्ट मेनूत सिस्टिम इन्फर्मेशन शोधा, त्यात बायोस मोड लिहिलेला असतो. यूईएफआय असेल तर चांगलं. लेगसी दिसलं तर लगेच घाबरू नका. २०१२ नंतरच्या बऱ्याच बोर्डांत यूईएफआय असतं, फक्त विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेली असते. त्याआधीच्या बोर्डावर मात्र नवं कार्ड लावून स्क्रीन काळीच राहण्याचा धोका खरा आहे. बायोस अपडेट करायची वेळ आलीच तर यूपीएस लावून करा. मधेच लाईट गेली तर बोर्ड बाद होऊ शकतो. इंटेलची आर्क कार्डं जुन्या मशीनसाठी विचारातच घेऊ नका. कंपनी स्वतः त्यांच्यासाठी दहाव्या पिढीचा प्रोसेसर किंवा पुढचा सांगते.

एवढं सगळं जुळलं, तरी मी त्याला कार्ड घेऊ दिलं नाही. का ते सांगतो.

मी म्हटलं, "टास्क मॅनेजर उघड, कालच्या लग्नाचा प्रोजेक्ट एक्स्पोर्टला लाव आणि कोणता आलेख वर जातो ते सांग." पाच मिनिटांनी म्हणाला, "डिस्क १०० टक्के, मेमरी ९४." रॅम ८ जीबी आणि विंडोज जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर. गोठ्यात चारा नाही आणि आपण म्हशीला नवी घंटा बांधतोय. ग्राफिक्स कार्ड टाकून यातली एकही अडचण सुटली नसती. एच८१ बोर्डला रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि तो १६ जीबीपर्यंत घेतो, त्याचा एक मोकळा होता. एक एसएसडी आणि एक रॅमची पट्टी, कार्डाच्या निम्म्याहून कमी पैशात काम.

दुसरी गोष्ट त्याने बोलता बोलता सांगितली. मोबाइलवर घेतलेल्या क्लिप टाइमलाइनवर अडकतात, कॅमेऱ्याच्या अडकत नाहीत. याचं कारण बहुतेक वेळा मोबाइलचं सेटिंग असतं. जागा वाचवायला मोबाइल एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतो आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये ते उलगडायची पूर्ण सोय नाही. मोबाइलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एच.२६४ करा, खर्च शून्य. आधीच घेतलेल्या क्लिपसाठी प्रॉक्सी बनवा, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी कॉपी. आणि इंटेलच्या बहुतेक आय-फाइव्हमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्ससोबत एच.२६४ चा एन्कोडर २०११ पासून आहे. तो तुमच्याकडे आधीच असून बंद पडलेला असू शकतो. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंगचा पर्याय आहे का बघा.

कार्ड घेऊच नका, असं मी म्हणत नाही. तुमचं रोजचं फुटेज एच.२६५ चं असेल, किंवा दाविंची रिझॉल्व्हमध्ये कलर करत असाल, तर कार्डाने खरंच फरक पडतो. ते सॉफ्टवेअर कार्डावरच जगतं. पण फ्लेक्स-बॅनरचं डिझाइन, कोरलड्रॉ, टॅली, बिलिंग एवढ्यासाठी कार्ड मागत असाल तर तुम्हाला कुणीतरी माल खपवतोय.

यावर मला एक उत्तर नेहमी मिळतं. "सर, कार्ड काय, पुढच्या मशीनमध्ये पण घेऊन जाता येतं." मुद्दा खरा आहे. वर्षभरात नवं मशीन बांधायचं नक्की असेल आणि त्यासाठीचे पैसे वेगळे काढत असाल, तर त्या मशीनचा विचार करून कार्ड निवडा आणि तोवर जुन्यात वापरा, माझी हरकत नाही. पण "पुढे कधीतरी" म्हणजे वर्षभरात नव्हे. चौथ्या पिढीच्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या घोड्याची रिटायरमेंट ठरलीय त्याला सोन्याचा नाल नको. माझा स्वतःचा नियम असा की, आज पीसी विकला तर जेवढे येतील त्याहून महाग वस्तू त्यात टाकायची नाही.

सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात किंवा ऑनलाइन कुणाकडून घेतलंत, तरी चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या कार्डाचा बायोस बदलून त्यावर नव्या मॉडेलचं नाव दाखवण्याचे प्रकार होतात. जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर अशी बरीच बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखतं आणि तसं स्पष्ट लिहून दाखवतं. पेनड्राइव्हवर घेऊनच जा. जीटीएक्स १०५० टीआय अजून बाजारात फिरतंय, पण त्या पिढीला नेहमीचे नवे ड्रायव्हर मिळणं २०२५ मध्ये थांबलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. भाव करताना हे बोला.

त्या तरुणाने एसएसडी आणि रॅम टाकली. पहिल्या लग्नाचा हायलाइट व्हिडिओ त्याने तिसऱ्या दिवशी दिला, आधी आठवडा लागायचा. अल्बमवाल्याचे पैसे वेळेवर गेले. कार्ड अजून घेतलेलं नाही, दिवाळीनंतर नवं मशीन बांधायचं म्हणतोय आणि त्यासाठी दर लग्नामागे २,००० बाजूला टाकतोय.

तुमच्यापैकी कुणाला कार्ड घ्यायचंच असेल आणि मला विचारायचं असेल, तर आधी तीन फोटो काढून ठेवा. बोर्डावर छापलेलं नाव, एसएमपीएसचं लेबल, आणि स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेप लावलेली. टेपवरचा आकडा स्पष्ट दिसू द्या. कार्ड २० सेंटीमीटर आणि जागा १८, हेही घडलेलं आहे.