वंशलोचनाचे आमिष आणि कोंबांचे पाणी

भारतीय वन कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला आणि शेतकऱ्याच्या वाटेतील मोठा अडसर दूर झाला. तेव्हापासून लागवडीच्या प्रचारात काठीच्या भावाबरोबर बांबूचे औषधी गुणही हिरिरीने सांगितले जातात. या दुसऱ्या दाव्याकडे मात्र सावधपणे पाहिले पाहिजे.

बेंगळुरूच्या बसवनगुडीतील गांधी बाजार फुलांसाठी जितका प्रसिद्ध, तितकाच जुन्या ग्राहकांना 'ग्रंथिगे अंगडी', म्हणजे आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानांसाठी परिचित आहे. अशा दुकानांत मागितल्या जाणाऱ्या जिनसांपैकी एक म्हणजे वंशलोचन. खोकल्यावरील सितोपलादि चूर्णात खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलदोडा आणि दालचिनी यांचे प्रमाण १६:८:४:२:१ असते. म्हणजे चूर्णाचा चौथा हिस्सा वंशलोचनाचा. बांबूच्या पेरांत झिरपलेला रस आटून हे खडे बनतात. पॅट्रिक रसेल यांनी १७९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याची माहिती मांडली आणि पुढील वर्षी झालेल्या रासायनिक पृथक्करणातून तो मुख्यतः सिलिका असल्याचे दिसले.

शेतकऱ्याने ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, वंशलोचन हे पीक नव्हे. ते प्रत्येक काठीत मिळत नाही. मिळाले तरी अल्प मिळते आणि काठी हलवून आतील खडखडाट ऐकल्यावाचून त्याचा सुगावाही लागत नाही. त्याच्या भरवशावर लागवडीचा हिशेब मांडणे अनाठायी होय. नैसर्गिक माल असा दुर्मीळ असल्यानेच बाजारात कृत्रिम सिलिका किंवा तवकिलासारखे पिष्ट त्या नावाने खपते. पिष्टावर आयोडीनचा थेंब टाकताच ते निळेकाळे पडते. कृत्रिम सिलिका मात्र या परीक्षेत सापडत नाही. मुलांच्या खोकल्यासाठी घेतलेल्या चूर्णात नेमके काय आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसावे, ही स्थिती काही बरी नव्हे.

कोंबांची गोष्ट वेगळी आहे. विदर्भात ज्यांना वास्ते म्हणतात, ते मलनाड आणि कोडगूत 'कळले' या नावाने पावसाळ्याचे लाडके अन्न आहे. तंतुमय, कमी स्निग्ध, पोटॅशियमयुक्त असे हे अन्न. परंतु कच्च्या कोंबात टॅक्सिफिलीन हे द्रव्य असते आणि चिरताच त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू लागते. कडू चव ही त्याचीच खूण. कोडगूच्या गृहिणी पातळ काप दोन-तीन दिवस पाण्यात ठेवून रोज पाणी बदलतात, मग उकळून ते पाणी ओतून देतात. या रीतीला पाककृतीतील हौस समजू नये. खरे तर तीच औषधाहून महत्त्वाची आहे. अपुरी प्रक्रिया केलेले कोंब नित्य खाण्यात असतील, तर सायनाइडपासून शरीरात बनणारे थायोसायनेट थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. मणिपूरमध्ये पुरेसे आयोडीन मिळूनही गलगंड आढळल्याच्या अभ्यासांत हेच कारण पुढे आले आहे. थायरॉइडच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी म्हणूनच वैद्याला विचारल्याशिवाय ते नित्याच्या आहारात घेऊ नयेत.

गावात हे ज्ञान आजीकडून नातीकडे जाते. शहरातील अनोळखी ग्राहकापर्यंत ते पोचत नाही. कोंबांचा रस किंवा भुकटी 'नैसर्गिक औषध' म्हणून घेणाऱ्याला तर पाणी बदलण्याची गरज कुणी सांगतही नाही. म्हणून शेतकरी गटांनी कच्चे कोंब शहरात धाडण्याऐवजी भिजवून, उकळून, मिठाच्या पाण्यात भरलेले कोंब विकावेत आणि प्रक्रियेची पद्धत वेष्टनावर मराठी-कन्नडमध्ये ठळक छापावी. कोंब काढतानाही बेटातील जोमदार कोंब पुढील वर्षांच्या काठीसाठी राखून, हंगामाच्या अखेरीस आलेले दुबळे तेवढेच घ्यावेत. सरसकट खुडलेले बेट दोन-तीन वर्षांत विरळ होते आणि मग विकायला काठीही उरत नाही.