बचत गटाचा ट्रॅक्टर आणि निळा रंग

मागील महिन्यात आम्ही शेगाव तालुक्यातील एका वस्तीवर गेलो होतो. तेथील महिला बचत गटाला समाजकल्याण खात्याच्या योजनेतून मिनी ट्रॅक्टर व ट्रॉली मिळाली आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठीची ही योजना. 2017 च्या शासन निर्णयाप्रमाणे साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदान व 10 टक्के गटाचा वाटा, म्हणजे 35,000 रुपये. आमच्या आया-बहिणींनी निंदणाच्या मजुरीतून काढलेला हा पैसा! म्हणूनच ट्रॉलीच्या पत्र्याला सुटलेले गंजाचे पोपडे पाहून जीव हळहळला.

बैठक बसली. कोणता रंग द्यायचा?

"भाऊ, निळाच मारा लागते!" एका ताईंनी निकाल देऊन टाकला. निळ्याला आमची ना कशी असेल? पण डबा उघडण्याआधी गंजाचे काय ते बघा, असे आम्ही म्हणालो.

हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरचे पाणी खारट. त्याच पाण्याने ट्रॉली धुवायची, तिच्यातूनच युरियाची पोती वाहायची. ओल, हवा आणि मीठ एकत्र आले की लोखंड झपाट्याने गंजते. अशा गंजावर रंग फासला तर तो पोपड्यासह गळून पडतो. आपण वरच्या रंगावर पैसा घालतो, कारण तो चारचौघांना दिसतो. लोखंड वाचवतो तो मात्र खालचा प्रायमर.

तेव्हा आधी ग्रीस-तेल पुसावे, तारेच्या ब्रशने गंज खरवडावा, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात मारावा. तो वाळल्यावर इनॅमलचे दोन पातळ हात पुरे. एकच जाड हात ओघळतो. सायलेन्सरला साधा रंग टिकत नाही, जळतो. नांगराच्या फाळाला तर रंग देऊच नये, माती तो एका दिवसात खाते. हंगाम संपल्यावर ग्रीस फासून ठेवावे. ट्रॉलीमागची चमकणारी पट्टी मात्र रंगात बुडवू नका, रात्रीचा जीव तिच्यावर असतो. हे काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे.

आता खरी काळजीची गोष्ट. रंग खरवडायला बसतो तो आपल्याच वस्तीतला पोरगा, तोंडाला रुमाल बांधून. जुन्या पिवळ्या, नारिंगी, भडक तांबड्या रंगांत शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे 90 पीपीएमच्या वर नको, हा केंद्राचा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. यंत्रांचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, वॉटर पेपरने ओला घासावा. लेकरे दूर ठेवावीत, कपडे वेगळे धुवावेत. हार्डनर घालून फवारायचा पीयू रंग चकाकतो खरा, पण त्याच्या वाफेने दमा जडू शकतो आणि रुमालाने ती अडत नाही. वस्तीवर ब्रश व इनॅमलच बरे.

गटाने निळाच रंग ठरवला. प्रायमरचे आणि त्या पोराच्या मास्कचे पैसे वेगळे धरावेत, अशी नोंद ताईंनी आमच्यासमोरच वहीत करून घेतली.