हजेरी लागली, विचारपूस कोण करणार?

सकाळी आठच्या सुमारास पहूरच्या चौफुलीवर उभे राहिले, की महाराष्ट्राच्या कारभाराचे एक चित्र विनासायास पाहावयास मिळते. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि जामनेर-पाचोऱ्याचा रस्ता येथे एकमेकांस मिळतात. एस. टी.ची किंवा काळीपिवळीची वाट पाहत शिक्षक, परिचारिका, तलाठी, वायरमन असे कितीतरी नोकरदार तेथे ताटकळत असतात. यांपैकी प्रत्येकाचा साहेब दुसऱ्या गावी आहे. साहेबाचा साहेब जळगावला आणि त्याच्याही वरचा मुंबईला. आपल्या हाताखालच्या माणसाने दिवसभरात काय केले, हे यांतील कोणीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहत नाही.

२०२० साली करोनाच्या टाळेबंदीने घरून काम करण्याची पद्धत सर्वतोमुखी झाली. पुण्यातील कंपन्यांत नोकरी करणारी आमच्या भागातील मुले लॅपटॉप घेऊन गावी परतली आणि ओसरीवर बसून काम करू लागली. तेव्हापासून शहरांतील व्यवस्थापकांपुढे एक प्रश्न उभा राहिला आहे. जो माणूस समोर दिसत नाही, त्याच्याकडून काम कसे करून घ्यावे, आणि त्याची उमेद कशी टिकवावी? प्रश्न रास्त आहे; परंतु तो नवा मात्र नाही. ज्या समाजाचा बहुतांश कारभार खेड्यापाड्यांत एकेकट्याने काम करणाऱ्या माणसांच्या खांद्यावर उभा आहे, त्या समाजाला हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या भेडसावत आला आहे. त्यावर आपण काय उत्तर शोधले, आणि मिळालेले उत्तर कसे विसरलो, याचा विचार या निमित्ताने करावयास हवा.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. टाळेबंदीच्या काळात प्रस्तुत लेखकही मोबाइलवरून अर्थशास्त्र शिकवीत होता. रोज पडद्यावरील नावे पाहून हजेरी मांडावी, त्या पडद्याचे छायाचित्र वर पाठवावे, असा क्रम होता. एका विद्यार्थ्याचे नाव एकही दिवस चुकले नाही, आणि त्याचे मला कौतुक वाटे. पुढे प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा त्याने संकोचाने सांगितले, की ते कापूस वेचणीचे दिवस होते. घरात फोन एकच होता. तो सुरू करून बांधावर ठेवावा आणि आपण वेचणीला लागावे, असे चालले होते. मला राग आला तो त्याचा नव्हे, माझा स्वतःचा. दोन महिन्यांत मी त्याला एकदाही, ‘बाबा रे, ऐकू येते का? समजते का?’ असे विचारले नव्हते. आणि माझ्या वरिष्ठांनीही मला छायाचित्रांखेरीज काही विचारले नव्हते. हजेरी सर्वांची लागली होती. विचारपूस कोणाचीच झाली नव्हती.

यंत्राची नजर

या अनुभवाचे मोठे रूप शासनाच्या व्यवहारात दिसते. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी केली, १९७७ साली तिचा कायदा केला. त्या कामांवरील खोट्या हजेरीपटांच्या तक्रारीही तेव्हापासूनच्या. यावर उपाय म्हणून राष्ट्रीय रोजगार हमीच्या सर्व सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोनदा मोबाइलवरून पाठविणे सक्तीचे करण्यात आले. परिणाम काय झाला? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावे लागले, की भलतीसलती छायाचित्रे चढविली जात आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठविले जात आहे. सबब आलेली छायाचित्रे माणसांनी तपासावीत. माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले, आणि यंत्रावर विश्वास उरला नाही म्हणून पुन्हा माणूस नेमला!

अंगणवाडी सेविकांची कथाही याच जातीची. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील हजारो सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन वारंवार बंद पडत, आणि माहिती भरण्याची सोय इंग्रजीत होती. जी बाई मराठीतून बालकांचे वजन, लसीकरण आणि आहार यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवीत आली, तिला परक्या भाषेत जाब देण्यास सांगणे, हे व्यवस्थापन नव्हे. तिच्या हातात साधन देताना तिला विचारावे असे कोणास सुचले नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

येथे कोणी म्हणेल, की देखरेख नसली तर माणसे कामचुकारपणा करणारच. खेड्यातील बंद शाळा आणि कुलूप लावलेली उपकेंद्रे आम्ही पाहिली नाहीत काय? हा आक्षेप खोटा नाही, आणि तो झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात झालेले दोन प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहेत. पहिल्यात ‘सेवा मंदिर’ या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत शिक्षकांना तारीख-वेळ उमटणारा कॅमेरा देण्यात आला. शाळा उघडताना व बंद करताना एखाद्या विद्यार्थ्याने शिक्षकाचे छायाचित्र काढावयाचे, आणि भरलेल्या दिवसांप्रमाणे पगार द्यावयाचा. शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली. दुसरा प्रयोग त्याच जिल्ह्यातील सरकारी परिचारिकांवर झाला. तेथेही यंत्र होते. पहिले काही महिने हजेरी सुधारली. परंतु स्थानिक आरोग्य प्रशासनच सवलतीचे दिवस वाटू लागले, आणि सोळा महिन्यांनंतर काहीही फरक उरला नाही.

यंत्र दोन्हीकडे होते. फरक होता तो यंत्राच्या मागे उभ्या असलेल्या माणसांत. एके ठिकाणी वरच्यांनी आपला शब्द पाळला आणि भरलेल्या दिवसाचा मोबदला त्या हिशेबाने दिला. दुसरीकडे वरच्यांनीच नियम सैल केला. खालच्याने शिस्त पाळावयाची असेल, तर ती वरच्यापासून सुरू व्हावी लागते, हा त्यातील बोध आहे.

अर्थशास्त्रानेही याबाबत एक इशारा दिलेला आहे. होल्मस्ट्रॉम व मिलग्रॉम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवून दिले, की एकाच माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांतील मोजता येणाऱ्या कामालाच मोबदला मिळत असेल, तर न मोजता येणारे काम मागे पडते. आपल्या आशा सेविकेचा विचार करा. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद निर्माण झाले, आणि तिच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक ठरविण्यात आला. प्रसूतीसाठी रुग्णालयात नेलेली स्त्री मोजता येते. घाबरलेल्या पहिलटकरणीजवळ रात्री तासभर बसून दिलेला धीर कोणत्या रकान्यात भरावयाचा? ती तो देते, हा तिचा चांगुलपणा होय. आपल्या व्यवस्थेने त्याची किंमत शून्य ठरविली आहे. जून २०२१ मध्ये, करोनाशी झुंजत असतानाच, राज्यातील आशांना मानधनासाठी संप करावा लागला, ही गोष्ट आपल्या सर्वांनाच खाली पाहावयास लावणारी आहे.

आपल्याच मातीतील उत्तर

आणि तरीही, दूर असलेल्या माणसाकडून उत्तम काम कसे घडते, याचे जगाने मान्य केलेले दाखले महाराष्ट्रातच आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. त्यांच्या गावोगावच्या आरोग्य सेविकांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. या बायका ठराविक वारी जामखेडला येत, नवे शिकत, आणि गावातील अडचणी एकमेकींना सांगत. एकटी पडलेली बाई त्या दिवशी एकटी राहत नसे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची काळजी गावातीलच स्त्रियांवर सोपविली. दर पंधरवड्यास एक डॉक्टर गावात जाई. पण उपचार करण्यासाठी नव्हे, तर नोंदी पडताळून सेविकेला शिकविण्यासाठी व चुका दुरुस्त करण्यासाठी. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. ‘डॉक्टर मी नाही, तू आहेस, मी तुझ्या मदतीला आलो आहे,’ असा त्या भेटीचा आशय होता. उमेद वाढते ती अशाने.

शेतकी विस्ताराच्या क्षेत्रात डॅनियल बेनॉर यांची ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतही याच तत्त्वावर उभी होती. १९७४ पासून चंबळ खोऱ्यात आणि पुढे बहुतेक राज्यांत ती राबविली गेली. कृषी कार्यकर्त्याने पंधरवड्यातील ठरलेल्या वारी ठरलेल्या गटाकडे जावयाचे, ठरलेल्या दिवशी स्वतः प्रशिक्षण घ्यावयाचे, आणि दुसरे कोणतेही काम त्याच्या गळ्यात घालावयाचे नाही. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याच्या गरजेशी न जुळणारा सल्ला वरून येत राहिला, खालचा प्रश्न वर जाईना, आणि जागतिक बँकेचे कर्ज आटताच पद्धतही आटली. भेट ठरलेली होती. पण भेटीत ऐकून घेणे राहून गेले.

शहरी कंपन्यांनाही यातून शिकण्यासारखे आहे. चीनमधील एका मोठ्या प्रवास कंपनीत २०१०-११ साली झालेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली; तरीही प्रयोग संपल्यावर त्यांपैकी निम्म्याजनांनी कार्यालयात परतणे पसंत केले. कारण एकटेपणा. काम वाढले म्हणजे माणूस सुखी झाला असे नव्हे, ही गोष्ट आकडेवारीच सांगते.

मग करावे काय? नव्या योजनेची गरज नाही. दूरच्या कर्मचाऱ्याला त्याच्या वरिष्ठाने ठरलेल्या दिवशी भेटावे, आणि त्या भेटीचा पहिला प्रश्न ‘माहिती भरली का?’ हा नसून ‘अडचण काय आहे?’ हा असावा. खालून आलेल्या प्रत्येक पत्रास ठराविक मुदतीत उत्तर जावे, मग ते नकाराचे का असेना. मानधन ठरलेल्या तारखेस मिळावे; ज्याचा स्वतःचा शब्द महिनोन्‌महिने पाळला जात नाही, त्याला दुसऱ्याकडे वक्तशीरपणा मागण्याचा अधिकार नाही. नोंदवह्या कमी कराव्यात आणि एकाच प्रकारचे काम करणाऱ्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसू द्यावे. हजेरी अवश्य घ्यावी. पण ती विचारपुशीची जागा घेऊ शकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

यासाठी पैसा फारसा लागत नाही. वरिष्ठांचा वेळ मात्र लागतो, आणि नेमका तोच देण्याची त्यांची तयारी नसते. पहूरच्या चौफुलीवर उद्या सकाळीही हीच माणसे उभी असतील. कोणी पाहत नसतानाही त्यांच्यापैकी अनेकजण आपले काम चोख करतील. त्यांच्यावर नजर ठेवण्याची साधने आपण पुष्कळ शोधली. आता त्यांच्याकडे एकदा नीट पाहण्याची वेळ आली आहे.